खडशीचं पाणी

संपादकांनी फोनवर विषय दिला तो असा: नदीतल्या ट्राउटची गळाने मासेमारी, तीही फ्लायवर, म्हणजे कृत्रिम माशीवर. सहल कशी आखायची, कुठं जायचं, काय न्यायचं. लोणावळा-मावळ वाचकांना जवळ पडतं, तेव्हा तिथलंच सांगा. मी त्यांना तिथल्या तिथं सांगितलं की मावळात ट्राउट नाही, कधी नव्हता. ते म्हणाले, ‘मग तेच लिहा.’

ट्राउट थंड पाण्याचा मासा. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की तो खाणं सोडतो, पंचविशीला त्याला तगणं कठीण होतं, आणि त्याची अंडी उबायला दहा अंशांच्या आसपासचं पाणी लागतं. कारण प्राणवायू. दहा अंशांच्या पाण्यात तो लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम विरघळतो, पंचवीस अंशांना ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर. हे आकडे रुक्ष वाटले तरी वाचकांनी ओलांडून जाऊ नये, सगळं त्यांच्यातच आहे. इंग्रजांनी ट्राउट आणला तो म्हणूनच काश्मीर, कुलू आणि नीलगिरीत. ज्यांना ट्राउटच हवा त्यांनी हिमाचलात तीर्थन नदीवर किंवा बरोटला ऊहलवर जावं, मत्स्य विभागाचा परवाना काढावा, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथं बंदी असते हे ध्यानात ठेवावं. ट्राउटबद्दल एवढं पुरे.

आपला मासा खडशी. शहरात त्याला महाशीर म्हणतात. विल्यम सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला मासा पाहून, आणि नाव दिलं ‘खुद्री’. इथल्या लोकांच्या तोंडचंच नाव त्याने उचललं. आज टोकियोतला संशोधक ‘टॉर खुद्री’ लिहितो तेव्हा तो भीमेच्या खोऱ्यातला शब्द लिहीत असतो. याचा मला फार अभिमान वाटतो, आणि आपल्याकडे हे कुणालाच माहीत नाही याचं दुःखही.

खडशी कार्पच्या कुळातला, म्हणजे रोहू-कटल्याचा भाऊबंद. जबड्यात दात नाहीत, दात घशात. दोन जोड्या मिशा, कौलांसारखे एकावर एक बसलेले मोठे खवले, निळसर पर. किडे, खेकडे, शिंपले, वरून पडलेली उंबरं आणि जांभळं, सगळं खातो. पाण्यावर पडलेल्या वस्तूकडे वर येऊन झेपावतो, म्हणूनच पिसांची आणि दोऱ्याची बांधलेली कृत्रिम माशी त्याला फसवू शकते. फ्लायवर खडशी लागला की पहिल्या झटक्यातच तो प्रवाहाच्या दिशेने सुटतो आणि चरखीवरचा दोर बघता बघता संपत येतो.

पण पावसाळ्यात त्याच्या वाटेला जायचं नाही. पहिल्या मोठ्या पुरात तो वरच्या ओढ्यांकडे चढतो आणि खडी-वाळूच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतो. या चढणीला आपल्याकडे वलगण म्हणतात. वलगण म्हटलं की पिशवी, पागेरं आणि गाबोळी भरलेले मासे डोळ्यांपुढे येतात. मी स्वतः लहानपणी ते खाल्लेत, चव विसरलेलो नाही. तरीही सांगतो, चढणीचा एक मासा मारला की पुढची सगळी पिढी मारली.

मावळातली इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते आणि लगेच वळवणच्या धरणात अडते. तिथलं पाणी पश्चिमेला वळून घाट उतरतं, खोपोलीच्या वीजघराकडे. ते वीजघर १९१५ पासून चालू आहे. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ या नदीचं डोंगरातलं पाणी समुद्राकडे जातंय आणि माशाची वर चढायची वाट बंद आहे. याच वळवणला टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकात महाशीरचं बीजोत्पादन सुरू केलं. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी तिथं उभं केलेलं काम जगात मोलाचं आहे. अंडी ओल्या कापसात ठेवून विमानाने पाठवता येतात, हे या दोघांनी १९७९ साली प्रसिद्ध केलं.

विद्यार्थी असताना एका संवर्धन केंद्रात मी हे प्रजनन जवळून पाहिलं. मादी ओल्या फडक्यात धरायची, पोटावरून अंगठा हलकेच शेपटीकडे न्यायचा. कोरड्या परातीत लिंबाच्या रंगाची अंडी टपटप पडतात, ज्वारीच्या दाण्याहून लहान. त्यावर नराचं वीर्य, मग कोंबडीच्या पिसाने ढवळायचं आणि शेवटी पाणी. ही पद्धत मुळात ट्राउटच्या केंद्रांतली. साधारण साठ ते ऐंशी तासांत पिल्लं बाहेर येतात आणि उजेड नको म्हणून कोपऱ्यात डोकी खुपसून शेपट्या थरथरवत पडून राहतात, पोटाला पिवळी पिशवी घेऊन. रात्री बॅटरी लावून मी तासन्‌तास ती बघत बसायचो. पुढे बोटुकली झाली की ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून देशभर जायची. त्या पिशव्यांची तोंडं मीही बांधली आहेत.

इथं मला थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण लोक हा भाग नेहमी घाईने ऐकतात. लोणावळ्याच्या बीजातला खडशी कावेरीतही सोडला गेला. सोडणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता: नदीत मासा कमी झालाय, भर घालू. पण कावेरीचा स्वतःचा महाशीर वेगळा होता, पाठीला कुबड असलेला, भगव्या परांचा, जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक. कावेरीवरच्या गलिबोरेच्या तळावर गळाने मासे पकडून सोडून देणाऱ्यांनी १९९८ ते २०१२ या काळात आपल्या वह्यांत प्रत्येक माशाची नोंद ठेवली होती. त्या नोंदी तपासल्यावर दिसलं की निळ्या परांचा वाढत गेला आणि कुबडवाला जवळजवळ दिसेनासा झाला. तोवर त्या माशाला धड शास्त्रीय नावही नव्हतं. २०१८ साली तो ‘टॉर रेमादेवी’ असल्याचं ठरलं आणि लगेच अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेला. काही मित्र म्हणतात, दोष धरणांचा, वाळूउपशाचा, सुरुंग लावून मारलेल्या माशांचा. तेही आहेच. पण त्याच नदीत, त्याच धरणांखाली, आपला खडशी वाढला की नाही? भीमेचा मासा आपल्या घरी रत्न आहे, दुसऱ्याच्या घरी घुसखोर. हे मान्य करायला मला बरीच वर्षं लागली, आणि अजूनही त्या बांधलेल्या पिशव्या आठवल्या की बेचैन होतो.

म्हणून सहलीची आखणी सांगताना पहिली गोष्ट: पाण्यात काही सोडू नका. ट्राउट नको, तिलापिया नको, बंदी असूनही विकला जाणारा थाई मांगूर तर नकोच. घरच्या टाकीतले शोभेचे मासेही नको. दुसरी गोष्ट: दिवाळीनंतर जा. तोवर पाणी निवळलेलं असतं, पहाटे गारवा असतो. एप्रिल-मेमध्ये सोडून दिलेला मासाही उन्हाच्या पाण्यात दमून मरतो, फोटोत दिसत नाही इतकंच. वळवणला कंपनीची परवानगी लागते. इतर धरणांत मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, आधी त्यांना विचारा. त्यांचं पोट त्या पाण्यावर आहे. देहूच्या डोहाला हात लावू नका, तिथले मासे लोकांनी श्रद्धेने राखले आहेत. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. माशाला हात लावण्यापूर्वी हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मागाहून बुरशी धरते.

याच वर्षी मावळातल्या एका रिसॉर्टवाल्यांनी मला बोलावलं होतं. जमिनीतून ओढा जातो, त्यात पाहुण्यांसाठी ट्राउट सोडायचा होता. ट्राउट जमणार नाही म्हटल्यावर म्हणाले, ‘मग सर, महाशीरची बोटुकली कुठून आणू?’ मी ओढा चालत बघितला. खाली, नदीला मिळण्यापूर्वी, त्यांनी पोहण्यासाठी कमरेएवढा सिमेंटचा बांध घातला होता. बांधाच्या पायथ्याशी खालच्या डबक्यात वीतभर लांबीचे सहा-सात मासे प्रवाहाकडे तोंड करून उभे होते. खडशीच. मी त्यांना हात धरून तिथं नेलं आणि म्हटलं, ‘मासे आलेत. तुम्ही बांध तेवढा फोडा.’

ते बराच वेळ पाण्याकडे बघत उभे होते. बांध अजून आहे. जूनमध्ये पहिला पूर आला की मी परत जाणार आहे.