काळं प्लास्टिक आणि हलाल कमाई

भंगाराचा धंदा आमच्या घरात तिसऱ्या पिढीत आहे. दादांनी हातगाडीवर सुरू केला, अब्बांनी कुर्ल्यात गाळा घेतला, आता आम्ही तिघे भाऊ तो चालवतो. लोक नाक मुरडतात, पण घरात या धंद्याची इज्जतच होती. दुसऱ्याने टाकलेली वस्तू पुन्हा कामाला लावायची, वजन पुरं द्यायचं, मग कमाई हलाल, असं अब्बा सांगत.

पण काट्यावर न दिसणारी एक गोष्ट आमच्या मालात असते. जुन्या डब्बा टीव्हीची मागची बाजू आठवा. आत उष्णता आणि विजेचा मोठा दाब. ठिणगी पडली तर पेट घेऊ नये म्हणून त्या प्लास्टिकात ब्रोमिनची आगरोधक रसायनं मिसळत, कधी कधी शंभर किलोत दहा-बारा किलो. हेतू चांगला होता. पण त्यातलं पीबीडीई नावाचं रसायन प्लास्टिकला घट्ट बांधलेलं नसतं. ते धुळीत उतरतं, अंगात जाऊन चरबीत साठतं, आईच्या दुधातही सापडतं. थायरॉईडच्या कामात ते अडथळा आणतं. पोटातल्या बाळाच्या आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला त्याचा धोका सर्वांत जास्त.

स्टॉकहोम करारात २००९ साली यातले काही प्रकार बंदीच्या यादीत आले, २०१७ मध्ये टीव्हीत जास्त वापरला जाणारा डेकाबीडीईही आला. आपल्या देशातही नव्या उपकरणांत पीबीडीई ०.१ टक्क्याच्या वर चालत नाही. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा टीव्ही आज आमच्या दारात येतो, त्याचं काय?

तो फुटतो, दळला जातो, त्याचा काळा दाणा होतो. दाण्याला ओळख नसते. त्यातून कंगवे, हँगर, चमचे, खेळणी बनतात. परदेशात काळी खेळणी तपासली तेव्हा काहींत हीच रसायनं निघाली. खेळण्याला आगरोधक कशाला लागतं? ते आमच्यासारख्यांच्या गाळ्यातून गेलेलं असतं.

शिवाय आमच्या धंद्यात प्लास्टिक ओळखायला तुकडा पेटवून वास घेतात. ब्रोमिनचं प्लास्टिक जळताना डायॉक्सिनच्या जातीची विषं तयार होतात. माल निवडणाऱ्या बायकांचे हात आणि ओढण्या त्या धुळीने भरतात. त्याच ओढणीत घरी जाऊन त्या बाळाला कुशीत घेतात.

म्हणून आम्ही आता वास घेणं बंद केलं आहे. दळलेला माल मिठाच्या दाट पाण्यात टाकतो. हलकं प्लास्टिक तरंगतं, ब्रोमिनचं जड असल्याने तळाला जातं. तळाच्या सगळ्या मालात ब्रोमिन असतंच असं नाही, पण जो असतो तो बहुतेक तिथेच मिळतो. तळाचा माल दाण्यात न मिसळता परवाना असलेल्या ई-कचरा कारखान्याला देतो. भाव कमी मिळतो. धाकटा म्हणाला, "भाईजान, बाजारात कुणी विचारतही नाही, मग आपणच का तोटा सोसायचा?" अम्मी आतून ऐकत होत्या. म्हणाल्या, "माप पुरं देता ना? मग मालात काय आहे तेही मापातच आलं." त्यावर कुणी बोललं नाही.

वाचकांना इतकंच सांगू. जुना टीव्ही, रिमोट, चार्जर घरात फोडू नका, गच्चीवर जाळू नका. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. गरम कढईत काळ्या प्लास्टिकचा चमचा घालण्यापेक्षा स्टीलचा किंवा लाकडी बरा. रांगणारं मूल असेल तर फरशी ओल्या कपड्याने पुसा, बाळाचे हात जेवणाआधी धुवा.

आमचा तोटा अजून भरून निघालेला नाही. शेजारच्या गाळ्यांत सगळा काळा माल अजूनही एकत्रच दळला जातो. एकट्या गाळ्याने मीठ-पाणी करून खेळणी सुरक्षित होणार नाहीत, म्हणून येत्या जुम्म्यानंतर गल्लीतल्या सगळ्या गाळेवाल्यांना आम्ही चहाला बोलावलं आहे.