परदेशातील सिमकार्ड : अँटवर्पला मिळालेला धडा

गेल्या वर्षी जून महिन्यात आम्ही उभयता बेल्जियममधील अँटवर्प येथे तीन आठवडे राहून आलो. माझी भाची तेथे राहते. भाचेजावई एका हिऱ्यांच्या पेढीवर हिशेबाचे काम पाहतात. आपल्या व्यापारी कुटुंबांना हे शहर ऐकून तरी ठाऊक असतेच. पालनपूरकडची अनेक जैन कुटुंबे हिऱ्यांच्या व्यापारासाठी तेथे गेली, स्थिरावली आणि विल्राइक या उपनगरात त्यांनी देखणे संगमरवरी जिनमंदिरही उभारले. परंतु आज मला मंदिराविषयी किंवा हिऱ्यांविषयी लिहावयाचे नाही. नखाएवढ्या एका वस्तूविषयी, सिमकार्डाविषयी, लिहावयाचे आहे. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला त्या वस्तूने जो धडा दिला, तो वाचकांना मोल न देता मिळावा, एवढीच इच्छा.

आम्ही शनिवारी सायंकाळी पोहोचलो. रविवारी तेथील बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून सोमवारी सकाळी भाची आम्हाला मध्यवर्ती रेल्वे स्थानकाच्या परिसरात घेऊन गेली. १९०५ साली पूर्ण झालेले हे स्थानक मुद्दाम पाहावे असे आहे. वर उंच घुमट, खाली संगमरवरी जिने आणि तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या. तेथून हाकेच्या अंतरावर हिरेबाजाराची होव्हेनिअर्सस्ट्राट ही गल्ली आहे. या नावाचा अर्थ 'माळ्यांची गल्ली' असा होतो, हे ऐकून मौज वाटली.

स्थानकालगतच्या रस्त्यावर मोबाइलची लहान लहान दुकाने आहेत. आमचा दुकानदार चांगले हिंदी बोलणारा होता. त्याने प्रथम पासपोर्ट मागितला. २२ मार्च २०१६ रोजी ब्रुसेल्सच्या विमानतळावर आणि मेट्रोत बॉम्बस्फोट झाले. त्याच वर्षाच्या अखेरीपासून बेल्जियममध्ये प्रीपेड सिम घेणाऱ्याची ओळख नोंदवणे सक्तीचे झाले आहे. बँकेत जन्मभर ग्राहकांकडून ओळखीचे पुरावे मागितलेले असल्याने मला यात गैर काही वाटले नाही. उलट समाधानच वाटले.

खरी चूक पुढे झाली. माझ्या फोनमध्ये दोन खण आहेत. पण दुसऱ्या खणात सिम किंवा मेमरी कार्ड यांपैकी एकच बसते, आणि तेथे छायाचित्रांसाठी घेतलेले मेमरी कार्ड होते. "साहेब, यातले काय काढू?" असे दुकानदाराने विचारले. प्रवासात छायाचित्रे हवीत, भारतीय क्रमांकाचे येथे काय काम, असा विचार करून मी म्हणालो, "जुने सिम काढा." त्याने ते काढले आणि नव्या सिमच्या रिकाम्या पुठ्ठ्यावर चिकटपट्टीने डकवून दिले. घरी आल्यावर मी तो पुठ्ठा सुटकेसच्या आतल्या कप्प्यात ठेवून दिला.

पुढचे काही दिवस मी त्या नव्या सिमवर अगदी खूश होतो. मायदेशी ज्या गोष्टी विचारून कळतात, त्या परदेशी फोनला विचाराव्या लागतात. ट्रॅम कोणती, गाडी कोणत्या फलाटावर, परतीची शेवटची गाडी कधी, हे सारे हातात होते. आपल्यासारख्यांना तर आणखी एक उपयोग. खाद्यपदार्थाच्या पाकिटावरील डच मजकुरासमोर फोनचा कॅमेरा धरला की भाषांतर दिसते. डच भाषेत 'ui' असे लिहितात तो कांदा आणि 'ei' असे लिहितात ते अंडे. फरक एका अक्षराचा, पण आपल्याला दोन्ही वर्ज्य! बटाट्याला तेथे 'आर्डआपल', म्हणजे 'जमिनीतले सफरचंद' म्हणतात. कंदमूळ हे नावातच आले. जूनमध्ये सूर्यास्त रात्री दहाच्या सुमारास होतो, त्यामुळे सौभाग्यवती रोज फोनमध्ये सूर्यास्ताची वेळ पाहूनच चौविहाराचे गणित मांडीत असे.

सहाव्या दिवशी आम्ही दोघेच ब्रुज या जुन्या, कालव्यांच्या गावी गेलो. अँटवर्पहून रेल्वेने सुमारे दीड तासाची वाट. तेथील मुख्य चौकात ३६६ पायऱ्यांचा घंटामनोरा आहे. तो खालूनच पाहत असताना व्हॉट्सअ‍ॅपवर सांगलीहून पुतण्याचा फोन आला. "काका, बाबांच्या छातीत दुखू लागले म्हणून दवाखान्यात आणले आहे. लगेच अँजिओप्लास्टी करावी लागेल म्हणतात. दोन लाख कमी पडताहेत. पाठवता का?"

आमच्याकडे दुपारचे बारा, सांगलीत साडेतीन. मी बाकावर बसलो, नेटबँकिंग उघडले, रक्कम भरली, आणि पडद्यावर ओळ उमटली: आपल्या नोंदणीकृत मोबाइल क्रमांकावर ओटीपी पाठविला आहे. तो क्रमांक अँटवर्पला सुटकेसमध्ये, चिकटपट्टीखाली होता.

उगाच आशेने मी पुन्हा मागणी केली, आणि पुन्हा. चार वेळा. खात्यात पैसे आहेत, भाऊ दवाखान्यात आहे, हातात चालू इंटरनेट आहे, आणि तरीही एक रुपया हलत नाही. "तुमचा क्रमांक चालू आहे ना, आधी ते पाहा," असे काउंटरच्या पलीकडून मी किती जणांना ऐकवले होते! त्या बाकावर मला ते सगळे आठवले.

शेवटी पुतण्याला खरे ते सांगितले. थोड्या वेळाने त्याचा पुन्हा फोन आला. दादांच्या दुकानाशेजारच्या पेढीवरील शेठजींनी ना कागद, ना सही, दोन लाख आणून दिले होते. "काकांचे पैसे आले की दे" एवढेच ते म्हणाले. आम्ही पुढच्या गाडीने परतलो. रात्री भाचीच्या कर्णफुलाच्या काडीने खण उघडून मी भारतीय सिम आत घातले. थोड्याच वेळात फोन चार वेळा वाजला. दुपारचे चारही ओटीपी आले होते, मुदत संपलेले. पाचवा मागवला आणि शेठजींचे पैसे चुकते केले. दादांची अँजिओप्लास्टी तोवर सुखरूप पार पडली होती.

त्या रात्री झोप लागली नाही, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. सिम हे इंग्रजी नाव ज्या तीन शब्दांच्या आद्याक्षरांचे आहे, त्यांतला मधला शब्द 'ओळख' असा आहे. १९९१ साली म्युनिकच्या एका कंपनीने पहिले सिम बनवले, तेही मुळात फोनधारकाची ओळख पटवण्यासाठीच. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली, आणि पुढे ओटीपी रुळला. तेव्हापासून नोंदणीकृत क्रमांक ही आपली सहीच झाली आहे. परदेशातील सिम आपल्याला वाट दाखवते. भारतातील सिम आपण कोण हे सांगते. मी वाटेसाठी ओळख काढून ठेवली होती.

म्हणून परदेशी निघणाऱ्यांना, विशेषतः माझ्या वयाच्या मंडळींना, काही सूचना कराव्याशा वाटतात.

भारतीय सिम फोनमधून काढू नये. निघण्यापूर्वी आपल्या कंपनीकडून आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावे आणि येणाऱ्या संदेशांना आकार आहे की नाही, हे विचारून ठेवावे. मात्र त्या सिमवरील डेटा रोमिंग बंद ठेवावे. अन्यथा नकळत मोठे बिल येऊ शकते. इंटरनेटसाठी दुसरे सिम घ्यावे. फोन नवा असेल तर ई-सिम अधिक सोयीचे. ते फोनमध्येच असते, काही काढावे-घालावे लागत नाही, क्यूआर कोड टिपला की सुरू होते. पण ते बसवण्यासाठी इंटरनेट लागते, म्हणून ते घरूनच बसवून निघावे. फोन एखाद्याच कंपनीच्या सिमला बांधलेला नाही ना, हेही पाहून घ्यावे.

युरोपीय संघातील एका देशाचे सिम संघाच्या २७ही देशांत वाजवी मर्यादेपर्यंत जादा आकाराशिवाय चालते. १५ जून २०१७ पासून तसा नियम आहे. नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन हेही त्यात येतात. स्वित्झर्लंड येत नाही. आपल्याकडील सहली पॅरिसहून थेट स्वित्झर्लंडला जातात आणि पुष्कळ जण तेथेच फसतात. ब्रिटनही आता संघाबाहेर आहे. असे देश यादीत असतील तर ते ज्यात समाविष्ट आहेत अशीच योजना घ्यावी.

नवे सिम घातल्यावर व्हॉट्सअ‍ॅपने क्रमांक बदलायचा का असे विचारले, तर नको म्हणावे. जुन्या क्रमांकावरच ते चालू राहते. विमानतळावरील किंवा हॉटेलातील सार्वजनिक वायफायवर बँकेचे व्यवहार करू नयेत. १ ऑक्टोबर २०२०पासून नवी कार्डे केवळ देशांतर्गत वापरापुरतीच सुरू करून दिली जातात, तेव्हा परदेशातील वापर बँकेच्या अ‍ॅपमधून आधीच सुरू करून घ्यावा. मुलांकडे सहा-सहा महिने राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. ९० दिवस वापर नसलेला प्रीपेड क्रमांक बंद होऊ शकतो आणि कालांतराने दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. आपल्या खात्याशी जोडलेला क्रमांक परक्याच्या हाती जाणे म्हणजे काय, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

परत आल्यावर सांगलीला दादांना भेटायला गेलो. ते गादीवर लोडाला टेकून बसले होते. मी सारी हकिकत प्रामाणिकपणे सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "तुझ्या बँकेला तुझी ओळख पटली नाही, शेजारच्या शेठजींना पटली."

यावर मला उत्तर सुचले नाही. मी नंतर शेठजींकडे जाऊन हात जोडून आलो. पुढच्या प्रवासाच्या यादीत मात्र पासपोर्टच्या खालीच आता ओळ लिहून ठेवली आहे: 'भारतीय सिम फोनमध्ये. मेमरी कार्ड घरी.'