व्हिडिओ एडिटिंगसाठी डेस्कटॉप की लॅपटॉप? आधी टेबल बघा



जून महिन्यातली गोष्ट. शाळा सुटल्यावर एक पालक भेटायला आले. त्यांचा मुलगा आमच्याच शाळेतून पुढे गेलेला, यंदा दहावी झाला. भाव वाढेल म्हणून घरात ठेवलेलं सोयाबीन त्यांनी नुकतंच विकलं होतं. म्हणाले, "गुरुजी, पन्नास हजार बाजूला काढलेत. पोराला व्हिडिओ एडिटिंग शिकायचंय. डेस्कटॉप घेऊ का लॅपटॉप? तुम्ही म्हणाल ते घेतो."

'तुम्ही म्हणाल ते घेतो' हे ऐकून मला जरा धास्तीच वाटली. कारण याच बाबतीत मी स्वतः एकदा चुकलो आहे, तेही कर्ज काढून.

2020 साली शाळा बंद झाल्या आणि आपण सगळेच रातोरात व्हिडिओ बनवायला लागलो. मी शिक्षक पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि 52 हजारांचा लॅपटॉप घेतला. दिसायला सुंदर, वहीसारखा पातळ. विचार एकच, की कुठेही नेता येईल. पाचवीच्या अपूर्णांकांचा 12 मिनिटांचा पाठ त्यावर तयार केला आणि रात्री नऊला एक्स्पोर्टला लावला. अकरा वाजले तरी निम्म्यावरच! पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता. खाली दोन पुस्तकं ठेवून तो उंच केला, समोर टेबलफॅन लावला, तेव्हा कुठे पहाटे फाइल तयार झाली. असं कितीतरी रात्री चाललं.

असं का होतं, ते आपल्या गणिताच्या भाषेत बघू. मोबाईलवर 10 मिनिटांचा पाठ शूट केला. सेकंदाला 30 चित्रं धरली तर 10 × 60 × 30, म्हणजे 18,000 चित्रं झाली. त्यावर आपण शीर्षक टाकतो, रंग सुधारतो, फळ्याचा फोटो जोडतो. एक्स्पोर्ट करताना संगणक ही 18,000 चित्रं नव्याने तयार करतो. फुल एचडीच्या एका चित्रात सुमारे 21 लाख बिंदू असतात, फोर-केमध्ये सुमारे 83 लाख. म्हणजे काम जवळपास चौपट. (म्हणूनच सांगतो, फळ्यावरच्या पाठासाठी फुल एचडी पुरेसं आहे. उगाच फोर-केच्या मागे लागू नका.)

एवढं काम सलग चाललं की प्रोसेसर तापतो. डेस्कटॉपच्या डब्यात हवा खेळायला जागा असते, पंखे मोठे असतात. पातळ लॅपटॉपमध्ये ती सोय कमी. मग प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो. आपल्याला वाटतं मशीन बिघडलं. खरं तर ते दम खात असतं. दुसरी गोष्ट, दोन्हीकडे ग्राफिक्स कार्डाचं नाव सारखं असलं, तरी लॅपटॉपमधल्या कार्डाला वीज कमी मिळते, त्यामुळे त्याची ताकद सहसा कमी असते. नुसत्या नावावर जाऊ नका.

माझी रॅम होती 8 जीबी. वाढवायला दुकानात गेलो, तर कळलं की ती बोर्डावरच कायमची बसवलेली आहे, बदलता येत नाही. हे घेतानाच विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

पण खरी चूक वेगळीच होती, ती वर्षभराने लक्षात आली. हा 'कुठेही नेता येणारा' लॅपटॉप मी एडिटिंगसाठी घराबाहेर किती वेळा नेला? मोजून चार वेळा! बाकी सगळं काम घरातल्या त्याच टेबलावर. म्हणजे जी सोय मी वापरलीच नाही, तिच्यासाठी वेग गमावला आणि पैसेही मोजले.

कर्ज फिटल्यावर 2023 मध्ये तालुक्याच्या दुकानातून डेस्कटॉप जुळवून घेतला. रॅम 16 जीबी, शिवाय एसएसडी. तसाच 12 मिनिटांचा पाठ आता चहा होईपर्यंत तयार होतो. मोठ्या मॉनिटरमुळे मान आणि डोळे दोन्ही सुखी. मध्यंतरी पॉवर सप्लाय गेला, तर तेवढाच भाग बदलला. पण एक फटका इथेही बसला. सुरुवातीला 'नंतर बघू' म्हणून यूपीएस घेतला नव्हता. मेच्या शेवटी वादळात वीज गेली आणि दोन तासांचं सेव्ह न केलेलं काम गेलं. तेव्हा डेस्कटॉपची किंमत काढताना मॉनिटर, कीबोर्ड, माउस, स्पीकर आणि यूपीएस धरूनच बेरीज करा. नुसत्या डब्याची किंमत ऐकून खूश होऊ नका.

तर, त्या पालकांना मी 'डेस्कटॉपच घ्या' म्हणणार होतो. शब्द अगदी ओठावर आला होता. सहज विचारलं, "पोरगा पुढे कुठे शिकणार?"

"संभाजीनगरला. डिप्लोमाला नंबर लागेल म्हणतोय. होस्टेलवर राहील. एका खोलीत चौघं-पाच जण."

झालं! माझा सल्ला तिथेच उलटा झाला. त्या खोलीत डेस्कटॉप ठेवणार कुठे? आणि गावाकडे ठेवला, तर पोरगा दिवाळीलाच त्याच्यासमोर बसणार. शिवाय गावात वीज कधीही जाते. लॅपटॉपला निदान स्वतःची बॅटरी आहे. माझ्या अनुभवातून निघालेलं उत्तर माझ्यासाठी बरोबर होतं, त्या मुलासाठी नाही. न विचारता बोललो असतो, तर त्या माणसाचं सोयाबीन वाया घालवलं असतं.

मग आम्ही कागदावर लिहून काढलं. लॅपटॉपच घ्यायचा, पण पातळपणाला भुलायचं नाही. थोडा जाड, नीट हवा खेळणारा बघायचा. रॅम 8 जीबी असली तरी चालेल, पण वाढवण्यासाठी जागा रिकामी हवी आणि ती दुकानदाराकडून उघडून बघून घ्यायची. एसएसडी हवीच. बाहेरची एक हार्ड डिस्क घ्यायची आणि प्रत्येक काम दोन ठिकाणी ठेवायचं. एडिटिंगसाठी शॉटकट, केडेनलाइव्ह किंवा दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती. सॉफ्टवेअरवर एक रुपयाही खर्च करायचा नाही.

आणि पैसे देण्याआधी एक अट घातली. मुलाने महिनाभर मोबाईलवरच एडिटिंग करायचं, आठवड्याला एक व्हिडिओ. महिन्यानंतरही आवड टिकली, तरच दुकानात जायचं.

ज्यांच्याकडे जुना संगणक आहे, त्यांनी लगेच नवा घेऊ नका. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 'प्रॉक्सी' नावाची सोय असते. ती मूळ व्हिडिओची हलकी प्रत बनवते. आपण त्या प्रतीवर कापाकापी करायची, शेवटचा व्हिडिओ मात्र मूळ फाइलमधूनच तयार होतो. एक्स्पोर्टला वेळ लागेल, पण काम करताना अडकणार नाही. कदाचित तेवढ्यावरच तुमचं भागेल.

निघताना ते पालक माझ्या टेबलाकडे बघून म्हणाले, "पण गुरुजी, तुमच्याकडं तर डेस्कटॉप हाय की!"

मी म्हटलं, "माझं टेबल कुठं जात नाही दादा. तुमच्या पोराचं अजून ठरायचंय."

तुम्हीही दुकानात जाण्याआधी गेल्या महिनाभरात कुठे बसून काम केलं आणि पुढची तीन वर्षं कुठे बसणार आहात, एवढं एका कागदावर लिहून बघा. बदलीच्या यादीत नाव असेल, तर तेही लिहा!