पिवळ्याच्या आधीचा पिवळा

समोरचा सिग्नल हिरवागार, आणि त्याच्या बऱ्याच अलीकडे रस्त्याकडेच्या पिवळ्या पाटीवर दोन दिवे आळीपाळीने लुकलुकतायत. ऐकायचं कुणाचं? कॅनडात व्हँकुव्हर बेटावरच्या नानायमो पार्कवेवर गाडी चालवायला बसलो आणि पहिला गोंधळ हाच. ताशी ९० किलोमीटरचा रस्ता, आणि मध्येच सिग्नल! आपल्या मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सिग्नलच नाहीत. त्या वेगात लाल दिवा आडवा येईल हे डोक्यातच नव्हतं.

शेजारी वहिनी. इथल्या रस्त्यांवर मुरलेल्या.

"भाऊजी, आपण पोचेपर्यंत लाल होणार. पाय काढा ॲक्सिलरेटरवरून."

"पण अजून हिरवा आहे!"

"असू दे."

झाला लाल. पुढच्या चौकाआधी मात्र गाडी पाटीपाशी पोचली आणि नेमके तेव्हाच दिवे सुरू झाले. मी ब्रेककडे पाय नेतोय तोच वहिनी म्हणाल्या, "आता जा! ते मागच्यांसाठी आहेत." दिवे बंद असताना ज्याने पाटी ओलांडली, तो वेगमर्यादेने जात राहिला तर लाल व्हायच्या आत चौकात पोचतो, अशा बेताने ही वेळ लावलेली असते म्हणे.

रात्री वही घेऊन बसलो. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. दिवा दिसून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद धरला आणि ब्रेक बेताने दाबला, तर थांबायला साधारण १३० मीटर लागतात. पिवळा समजा ४ सेकंदांचा. तेवढ्यात गाडी जाते १०० मीटर. मग चौकापासून ११५ मीटरवर असलेल्याने करायचं काय? थांबणं जमत नाही, पोचणंही नाही. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागातल्या गेझिस, हर्मन आणि मॅराड्युडिन यांनी १९६० साली हाच पेच गणितात मांडला होता. पिवळा पुरेसा लांबवला की गणित सुटतं. माणसाचं काय? पुढचा थांबायचं ठरवतो, मागचा निघून जायचं, आणि दोघे एकमेकांवर आदळतात. शिवाय भरलेल्या ट्रकला माझे १३० मीटर कुठले पुरायला! म्हणून आधीच वर्दी द्यायची.

पण वर्दीचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा. पुण्यात सिग्नलवरचे उलटे आकडे तीन-दोनवर आले की लोक गाडी कशी दामटतात ते मी जन्मभर पाहिलंय. इथे आकडे नाहीत, तरी त्या दिवशी पार्कवेवर पाटी लुकलुकताच एक पिकअप आम्हाला मागे टाकून सुसाट निघून गेला. वहिनींनी त्याला अस्सल कोल्हापुरी शिवी हासडली.

शहरात शिरलो तर तिथे हिरवाच दिवा लुकलुकत होता.

"हा वेगळा," वहिनी म्हणाल्या. "पायी जाणाऱ्याने बटण दाबलं तरच लाल होतो."

मी गाडी कडेला घेतली आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.