देऊळ छान आहे

होळकरांच्या चाकरीसाठी कोकण सोडताना आमच्या मूळ पुरुषाने ग्रामदेवतेच्या अंगणातली मूठभर माती उपरण्यात बांधून आणली आणि इंदुरास येताच ती तुळशीवृंदावनात घातली, असे आजी सांगत असे. नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ह्या कथेवर अढळ श्रद्धा. सेवानिवृत्तीनंतर मी त्या गावी जाऊन आलो. देऊळ होते, परंतु आमच्या आडनावाचा मागमूस ना जुन्या दप्तरात होता, ना कोणा वृद्धाच्या स्मरणात. परतल्यावर नानांना मी एवढेच म्हणालो, "देऊळ छान आहे." ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते.

ही बोच मनात असतानाच, मुलाकडे युरोपात गेलो असता, ग्रीसमधील इथाका बेट पाहण्याचा योग आला. आयोनियन समुद्रातले हे बेट जेमतेम तीन हजार वस्तीचे. होमरच्या महाकाव्याचा नायक ओडिसियस इथला राजा. दहा वर्षे ट्रॉयचे युद्ध आणि आणखी दहा वर्षे परतीची वणवण सोसून तो घरी पोहोचला. बेटाच्या कोपऱ्याकोपऱ्याला त्याची कथा बिलगलेली आहे. वाथी बंदरावरच्या डोंगरातली गुहा म्हणजे त्याने परतल्यावर धन लपवले ती अप्सरांची गुहा; दक्षिणेकडचा झरा म्हणजे त्याचा इमानी सेवक युमेअस डुकरांना पाणी पाजी तो झरा. स्टाव्रोस गावात त्याचा अर्धपुतळा आहे. जवळच्याच पोलिस उपसागराकाठी, १९३० च्या दशकात सिल्व्हिया बेंटन ह्या ब्रिटिश संशोधिकेला एका गुहेत कांस्याच्या प्राचीन तिवया आणि भाजक्या मातीच्या मुखवट्याचा तुकडा सापडला. त्या तुकड्यावर ओडिसियसला केलेल्या नवसाची अक्षरे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीही येथे त्याला नवस बोलले जात होते.

तरीही विद्वानांचा वाद मिटलेला नाही. जर्मन पुरातत्त्वज्ञ डॉर्पफेल्ड यांच्या मते होमरची इथाका म्हणजे शेजारचे लेफ्काडा. तर २००५ साली रॉबर्ट बिटलस्टोन यांनी तो मान केफालोनियाच्या पालिकी द्वीपकल्पाला दिला. मला मात्र याहून विलक्षण वाटला तो बेटाचा नंतरचा इतिहास. १४७९ सालच्या तुर्कांच्या स्वारीनंतर इथाका जवळजवळ ओस पडली. १५०४ साली व्हेनिसच्या सत्तेने करमाफीचे आमिष दाखवून तेथे बाहेरून कुटुंबे आणून वसवली. ओडिसियसला आज आपला पूर्वज म्हणवणारे बहुतेक इथाकावासी अशा आलेल्यांचेच वंशज आहेत. चाकरीच्या किंवा जमिनीच्या आशेने परमुलखात गेलेल्या घराण्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

पुढे ह्याच वंशजांवर पुन्हा देशांतराची वेळ आली. पोटासाठी पुष्कळ जण ऑस्ट्रेलियास व दक्षिण आफ्रिकेस गेले. मेलबर्नमध्ये तर १९१६ सालीच त्यांची संस्था उभी राहिली. ऑगस्ट १९५३ च्या भूकंपात बेटावरची बहुतेक घरे कोसळली आणि जाणाऱ्यांची संख्या आणखी वाढली.

स्टाव्रोसच्या कॉफीगृहात असाच एक परतलेला वृद्ध भेटला. चाळीस वर्षे मेलबर्नमध्ये काढल्याने त्याचे इंग्रजी उत्तम होते. मी भीत भीत विचारले, "ओडिसियस ह्या बेटावरचा नव्हताच, असे उद्या सिद्ध झाले तर?" तो रागावला नाही. म्हणाला, "ते पंडितांनी पाहावे. परदेशात मुलांना झोपवताना मी त्याचीच गोष्ट सांगत होतो. ती सांगता सांगताच एक दिवस परत यायचे ठरवले." मग त्याने माझे गाव विचारले. मी इंदूर म्हणालो आणि थोड्या वेळाने, न विचारता, कोकणातल्या त्या खेड्याचेही नाव सांगितले.

इंदुरास परतल्यावर मी नानांपुढे बसलो आणि सारे सांगून टाकले: दप्तरात नाव नाही, गावात ओळख नाही. नाना बराच वेळ वृंदावनाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मी शाळेत असताना तुझे आजोबाही तिकडे जाऊन आले होते. आल्यावर आईला एवढेच म्हणाले, देऊळ छान आहे."