बंद जवारी

तंबोऱ्याची जवारी काढणे हा माझा धंदा असल्यामुळे, ज्या नादाने इतरांचे डोळे जड होतात त्याच नादात खोट शोधीत जागे राहणे हा माझ्या घरचा दस्तूरच होऊन बसला आहे. मिरजेहून आलेली वाद्ये गिरगावातल्या माझ्या खोलीत उतरतात. घोडीच्या माथ्यावर कानस फिरवून तिचा उतार साधावयाचा, आणि तारेखाली सुताचा दोरा केसभर मागे, केसभर पुढे सरकवीत नाद फुलण्याची वाट पाहावयाची. मैफलीच्या गवयाला खुली, झणकारणारी जवारी हवी असते. निद्रेला मात्र, माझ्या मते, किंचित बंद जवारीच मानवते.

हे मला उमगले ते मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या संपात. १८ जानेवारी १९८२ पासून अडीच लाख कामगार बाहेर पडले, भोंगे मुके झाले, आणि परळच्या एका गिरणीत साच्यावर असलेल्या, माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांची झोप उडाली. पोटाची विवंचना होतीच. परंतु वीस वर्षे खडखडाटात मुरलेल्या त्यांच्या कानाला लालबागच्या चाळीतली ती नवी शांतता सोसवेना, कारण एकसुरी आवाज कान विसरून जातो, पण शांततेत गळका नळ, उंदीर, जिन्यावरले पाऊल, जो तो वेगळा होऊन हाक मारतो.

भाऊजींना गाण्याचे अंग नाही. तंबोऱ्याला ते वीणा म्हणत. मीही दुरुस्त करण्याचे सोडून दिले होते. एके रात्री काळी एकला लावलेला, किंचित बंद जवारीचा तंबोरा मी टॅक्सीत घालून त्यांच्याकडे नेला. पंचम मधल्या बोटाने, दोन्ही जोड व खर्ज तर्जनीने, नख लागू न देता छेडावयाचे, आणि मागली तार विझण्याआधीच पुढली उमटू द्यावयाची, म्हणजे आघात कोठे झाला हे ऐकणाऱ्याला कळतच नाही. सारी मेख येथेच आहे. अर्ध्या तासाने खर्जातून स्वयंभू गांधार बोलू लागला, भाऊजींचा श्वास लांबला. इतक्यात दुसरी जोड तसूभर उतरलेली मला जाणवली, आणि सवयीने हात थांबवून मी मणी सरकवू लागलो, तोच त्यांनी डोळे उघडले.

"का रे, थांबलास?"

"जोड उतरलीय, भाऊजी."

"उतरू दे की. तू चालू ठेव."

ती उतरलेली जोड तशीच ठेवून, दातओठ खात, मी पहाटेपर्यंत तारा छेडीत बसलो.