रॉब रायनचं काय झालं?

टाना फ्रेंचवरचा माझा राग अजून गेलेला नाही. तिची पहिली कादंबरी, 'इन द वूड्स', 2007 ची. डब्लिनजवळच्या नॉकनारीत 1984 साली बारा वर्षांची तीन मुलं रानात खेळायला जातात. दोघं कधीच सापडत नाहीत. तिसरा सापडतो तो झाडाला पाठ टेकून, सालीत नखं रुतवून उभा. बुटांत रक्त, आणि आठवत काहीच नाही. हाच मुलगा मोठेपणी रॉब रायन या नावाने खुनांचा तपास करणारा अधिकारी होतो आणि त्याच रानाजवळ झालेला एका मुलीचा खून त्याच्या हाती येतो. तो खून उलगडतो. त्या दोन मुलांचं काय झालं, ते मात्र बाई सांगतच नाहीत. ताईने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "ही काय रीत झाली? सगळं वाचायला लावायचं आणि शेवटी दार तोंडावर आपटायचं?"

मी पुढच्या भागाच्या आशेवर होते. पण या मालिकेत नायक टिकतच नाही. 'द लाइकनेस'मध्ये रॉबची जोडीदार कॅसी कथा सांगते, त्यानंतरच्या 'फेथफुल प्लेस'मध्ये कॅसीचा साहेब फ्रँक मॅकी. आधीच्या पुस्तकात कडेला उभा असलेला कुणीतरी पुढच्यात मधोमध येतो. रॉब निवेदक म्हणून परत येतच नाही.

फ्रँकच्या गोष्टीत स्कॉर्चर केनेडी नावाचा तपास अधिकारी आहे. कडक इस्त्रीचा, नियमांचा, स्वतःवर भलताच खूश. तो माझ्या इतका डोक्यात गेला की फ्रँक त्याला चकवायचा तेव्हा मला आनंद व्हायचा. आणि चौथं पुस्तक, 'ब्रोकन हार्बर', उघडलं तर सांगणारा हाच! पुस्तक बाजूलाच ठेवणार होते.

समुद्राकाठची अर्धवट बांधलेली वसाहत. आयर्लंडची तेजी 2008 मध्ये कोसळल्यावर अशा वसाहती तिथे ओस पडल्या होत्या. त्यातल्या एका घरात बाप आणि दोन मुलं मेलेली, आई मरणाच्या दारात. भिंतींना जागोजागी भोकं पाडलेली आणि तान्ह्या बाळावर लक्ष ठेवायचे मॉनिटर घरभर मांडलेले. मुलं तर केव्हाच मोठी झालेली. मग हे कशासाठी? नोकरी गेलेला बाप माळ्यावरच्या कुठल्याशा जनावराच्या पाळतीवर होता. इतरांना ते जनावर कधी दिसलंच नाही. स्कॉर्चर या घरात शिरतो आणि कळतं की लहानपणी त्याच किनाऱ्यावर त्याची आई समुद्रात चालत गेली होती. ती परत आली नाही. धाकटी बहीण डिना तेव्हापासून सावरलेली नाही, आणि रात्री-अपरात्री ती त्याच्याच दारी येते. त्याची ती इस्त्री, ते नियम, 'नीट वागलात तर वाईट होत नाही' हा हट्ट, हे सगळं कशाला धरून होतं ते मला तेव्हा उमगलं. फ्रँकला हे माहीत नव्हतं. म्हणून मलाही नव्हतं! एका माणसाच्या सांगण्यावरून मी दुसऱ्याला निकालात काढलं होतं, आणि फ्रँक खोटंही बोलला नव्हता.

म्हणून माझं सांगणं आहे, तिसरं वाचल्याशिवाय चौथं हातात घेऊ नका. प्रत्येक पुस्तक स्वतंत्र वाचता येतं म्हणतात. येत असेलही, पण स्कॉर्चरवर आधी चिडला नाहीत तर अर्धी मजा गेली. शेवटच्या 'द ट्रेसपासर'मध्ये (2016) तर याहून बिकट होतं. स्टीव्ह मोरानला आपण आधीच्या 'द सिक्रेट प्लेस'मध्ये त्याच्याच तोंडून ऐकलेलं असतं, तो मनाने चांगला आहे हे ठाऊक असतं. तरी आता त्याची जोडीदार आणि या पुस्तकाची निवेदक अँटोनेट कॉनवे त्याच्यावर संशय घेते, तेव्हा आपणही घेतो. खुनी कोण, यापेक्षा मला याचा धक्का जास्त बसला.

मग वाटतं, रॉबचं उत्तर नाही मिळालं तेच बरं. त्याची हकिगत त्याच्याच तोंडची, आणि मी खोटं बोलतो असं त्याने सुरुवातीलाच सांगून ठेवलंय. पण हे पटतं तेवढं ताईशी बोलताना. एकटी असले की पुन्हा तो बारा वर्षांचा मुलगा आठवतो आणि वाटतं, निदान कुणा दुसऱ्याने, कॅसीने नाही तर स्कॉर्चरने, त्याच्याबद्दल एक अख्खं पुस्तक सांगायला हवं होतं. 2016 नंतर बाई डब्लिनच्या या खून-तपास पथकाकडे वळलेल्या नाहीत. 'द सर्चर' आणि 'द हंटर'मध्ये त्यांनी शिकागोहून आलेल्या निवृत्त पोलिसाला पश्चिम आयर्लंडच्या खेड्यात नेलं. पुस्तकं चांगली आहेत, दोन्ही वाचली. पण मला रॉब हवा आहे.